बॅनरवरचा गोरा माणूस

बाबा गेल्यावर आमच्या लक्षात आलं की घरात त्यांचा एकही फोटो नाही. म्हणजे फोटो ढीगभर होते, पण एकाही फोटोत बाबा नव्हते.

हे जरा समजावून सांगायला हवं. आमच्या बोनकोडे गावात वाढदिवस आला की नाक्यावर बॅनर लागतो. केक कापला नाही तरी चालतं, बॅनर लागलाच पाहिजे. मधोमध वाढदिवसाचा माणूस, खाली शुभेच्छुकांच्या तोंडांच्या दोन रांगा, आणि सगळे जण वरच्या कोपऱ्याकडे बघताहेत, तिकडून विमान चाललंय असं वाटावं. माझा धाकटा भाऊ आमच्या घरातला या खात्याचा मंत्री. बाबांची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. आजीनं 'लावनीच्या दिसांत झायला' एवढंच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे नाक्यावरची जागा ज्या आठवड्यात मोकळी मिळेल त्या आठवड्यात भाऊ बाबांचा वाढदिवस उरकून टाकायचा. एका वर्षी तो मे महिन्यात आला, पुढच्या वर्षी दिवाळीनंतर. बाबांनी कधी तक्रार केली नाही. त्यांना फक्त फोटो काढून घ्यायला आवडायचं नाही. मोबाइल समोर धरला की ते मान फिरवायचे, नाहीतर नेमके शिंकायचे.

त्यातून भावाला जो एखादा फोटो मिळायचा तो बॅनरवाल्याकडे जायचा. हा बॅनरवाला मनानं फार चांगला. त्याच्या हाताखालून गेलेला प्रत्येक माणूस गोरा होऊन बाहेर पडतो. सुरकुत्या जातात, ओठ गुलाबी होतात, डोळ्यांवर गॉगल चढतो आणि गळ्यात जाडजूड सोन्याची साखळी येते. आमचे बाबा चांगले काळेभोर. आयुष्यभर उन्हात शेती केलेली. शेतं गेली, त्या जागी आमची बिल्डिंग उभी राहिली, भाडेकरू आले, तरी हातात पाना घेऊन भाडेकरूंचे नळ स्वतः दुरुस्त करत हिंडायचे. बॅनरवर मात्र ते नुकतेच दुबईहून उतरल्यासारखे दिसायचे. मूळ फोटो मागायला मी त्या दुकानात गेले, तर बॅनरवाला मलाच समजावत म्हणाला, "ताई, एकदा सुदारला म्हंजे जुना कशाला ठेवायचा?" भावाचा जुना मोबाइल गणपती विसर्जनात खाडीत गेला होता. आधार कार्डावर एक काळपट संशयित इसम होता. लग्नाचा एकमेव फोटो होता, त्यात बाबा विशीतले आणि मुंडावळ्यांनी अर्धे झाकलेले. संपला आमचा खजिना.

बाबांचं वर्ष भरत आलं तसा भाऊ पुण्यस्मरणाच्या तयारीला लागला. दोन माणसांनी उचलावी लागेल अशी फ्रेम त्यानं करून आणली आणि हॉलमध्ये आईसमोर उभी केली.

"यो कोन?" आईनं विचारलं.

"बाबा गं."

"यो माजा मानूस नाय," आई म्हणाली. "या गोऱ्याला मी हार घालनार नाय."

"टेन्शन नको घेऊ," म्हणत भाऊ फ्रेम परत घेऊन गेला आणि गॉगल काढायला सांगून आला. आता गॉगलखाली डोळेच उरले नव्हते, म्हणून बॅनरवाल्यानं त्याच्याकडचे तयार डोळे बसवले. ते कुणाचे होते देव जाणे, पण माणूस हौशी असावा. आईनं एकदा पाहिलं आणि उठून आत गेली. मी मागोमाग गेले तर ती तांदूळ निवडत बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "वरीस झायला, सगलीकडं योच दिसतो. आता डोले मिटले तरी मना योच दिसतो. त्यांचा तोंडच गेला गं माज्याकरून."

माझी आई रडणाऱ्यातली नाही. बाबा गेले तेव्हाही ती आल्यागेल्याला चहा विचारत होती. मी सानपाड्याला बँकेत काम करते, दिवसभर लोकांच्या सह्या जुळवते. घरात स्वतःच्या बापाचा चेहरा जुळवता येईना, याचा मला भयंकर राग आला. तो मी भावावर काढला.

आमच्या वरच्या मजल्यावर तेव्हा एक फ्रेंच बाई भाड्यानं राहत होती. दर हिवाळ्यात यायची, उन्हं तापली की परत जायची. तरुणपणी चित्रकार, नंतर चित्रकलेच्या इतिहासाची प्राध्यापक, आणि आता निवृत्त होऊन एक पुस्तक लिहीत होती: मीठ पिकवणाऱ्या माणसांची चित्रं कुणी, कधी, कशी काढली यावर. आमच्या खाडीची मिठागरं बघायला आली. येईपर्यंत मिठागरांच्या जागी टॉवर झाले होते, पण आई सापडली. आईचं माहेर मिठागरातलं. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर बाईच्या वडिलांनीही जन्मभर मीठच ओढलं होतं. पहिल्याच दिवशी तिनं कागदावर वडिलांचं मीठ ओढायचं लांब दांड्याचं फावडं काढून दाखवलं आणि आई ओरडली, "अगं, यो तं आमचाच!" मग दोघी अंगणात वाकून मीठ ओढायची नक्कल करत बसल्या. त्या संध्याकाळी आईनं गल्लीत जाहीर करून टाकलं, "ती पन आगरीच हाय, जरा लांबची." भाडं ठरवताना तिनं मला मध्ये बोलूसुद्धा दिलं नाही. एक आगरी बोलीत, दुसरी फ्रेंचमध्ये, आणि व्यवहार चोख झाला.

बाईचं बाकीचं आयुष्य मला हप्त्याहप्त्यानं कळलं, बहुतेक वेळा ती आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना. इंग्रजीत सांगायची, मध्येच 'टोडा टोडा' मराठी पेरायची. मिठाच्या गावातून पॅरिसला गेली. माणसांचे चेहरे काढून नाव मिळवलं. एक नवरा होता, मग तो नव्हता. याबद्दल ती एखादी छत्री बसमध्ये विसरल्यासारखं बोलायची. मग एकदा सुट्टीत गावी जाऊन तिनं आपल्या आईचं चित्र काढलं. आईनं ते पाहिलं, छान आहे म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून ठेवलं. आई गेली तेव्हाही ते तसंच होतं. "काम चांगलं होतं," बाई म्हणाली, "फक्त ती त्यात नव्हती." त्यानंतर तिनं चेहरा काढला नाही. झाडं, होड्या, आमची मांजर, शेजाऱ्यांच्या कोंबड्या, हे सगळं काढायची. चेहऱ्यांबद्दल नुसती लिहायची, दुसऱ्यांनी काढलेल्या.

आईला यातलं काही सांगायच्या आधीच तिनं मला हुकूम सोडला, "तिला सांग, बाबांना काड म्हनावं."

मी वर जाऊन सांगितलं. बाईनं हात जोडले, "नाही. मांजर हवी तेवढी काढीन. ज्या माणसाला मी नीट पाहिलंही नाही त्याचा चेहरा, नाही." बाबा तिला जिन्यात भेटायचे, पण तेही नळाखाली डोकं घातलेले. मी खाली येऊन आईला नकार कळवला. आईनं शांतपणे तो ऐकला आणि दुसऱ्या दिवसापासून वर ताट जायला लागलं. तांदळाची भाकरी आणि कुरकुरीत तळलेले बोंबील. मग जवळ्याची चटणी. मग वालाचं बिरडं. निरोप काही नाही, नुसतं ताट. चौथ्या की पाचव्या ताटाला बाई रिकामी थाळी घेऊन खाली आली, आईसमोर जमिनीवर बसली आणि मला म्हणाली, "तिला सांग, मी प्रयत्न करते. पण ही लबाडी आहे." मी पहिलं वाक्य सांगितलं, दुसरं गिळलं. आई म्हणाली, "लबाडी तं हायच." म्हणजे तिला फ्रेंच चेहऱ्यावरचं सगळं वाचता येत होतं.

बाईनं पहिली मागणी केली ती बॅनरची. जेवढे कधी लागले असतील तेवढे सगळे आणा. मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं. तर ती म्हणाली, तिची निम्मी नोकरी याच कामात गेली. जुन्या चित्रावर मागाहून कुणी कुणी हात फिरवलेला असतो, मालकाला खूश करायला नाक सरळ केलेलं असतं, गाल भरलेले असतात. "पण कानाकडे कुणाचं लक्ष जात नाही," ती म्हणाली. "सुधारणारा माणूस कान तसाच सोडतो. आपण कानापासून सुरुवात करायची."

आता उतरवलेला बॅनर कुणी टाकून देत नाही. पाऊस त्यातून आत येत नाही, त्यामुळे बोनकोड्याचं निम्मं छप्पर वाढदिवसांचं आहे. रविवारी मी, बाई आणि कुरकुरणारा भाऊ असे बाबांना शोधायला निघालो. एक बाबा शेजारच्या स्कूटरवर पांघरलेले सापडले. एक बाबा आत्याच्या गच्चीवर खाली अंथरलेले, त्यांच्यावर सुकट वाळत होती. आत्यानं सुकट बाजूला सारून बाबांचा गॉगल पुसून दाखवला. बाजारात मासळीवालीच्या डोक्यावरचं छत म्हणजे बाबाच, पण उलटे टांगलेले. बाई मान वाकडी करून खालून बघत राहिली तर मासळीवालीला वाटलं गिऱ्हाईक भाव पाडतंय. भाऊ म्हणाला, "मॅडम, इकडं बगा ना, यो पापलेट बगा," कारण त्याला लोक बघताहेत याची लाज वाटत होती. बॅनरचा एवढा नाद असून लोकांनी बघण्याची लाज वाटणारा हा एकटाच.

बाईचं म्हणणं खरं निघालं. गॉगल बदलले होते, रंग बदलला होता, एका बॅनरवर तर दात नवे होते, पण कान सगळीकडे तेच: मोठे, वरच्या बाजूला जरा बाहेर आलेले, पाळी गालाला चिकटलेली. मी भावाकडे पाहिलं. तेच कान त्याच्या डोक्याला लागले होते. मी इतकी वर्षं त्याच्यावर ओरडताना ते बघत आले होते.

मग चित्रासाठी आम्हाला समोर तुकड्यातुकड्यांनी बसवायला सुरुवात झाली. भाऊ कानांसाठी. आत्या कपाळ आणि नाकासाठी. तिनं त्यासाठी नाकात नवीन मोरणी घातली, ती बाईनं उतरवायला लावली. मी जबड्यासाठी. बाबांचा जबडा रागात कसा आवळायचा ते फक्त माझ्याच चेहऱ्यावर उरलंय असं आत्याचं मत पडलं. मी त्यावर इतकी चिडले की बाई म्हणाली, "हां, अशीच थांब." बघता बघता गल्लीतले लोक येऊन सूचना करायला लागले. मिशी जाड करा. मिशी बारीक करा. "मॅडम, वाईच गोरा करा ना, शेवटी कार्यक्रमाला मान्सं येनार." बाई सगळ्यांना हसून मान डोलवायची आणि स्वतःला हवं तेच करायची.

चित्र झालं. कान बाबांचे, कपाळ बाबांचं, जबडा माझा आणि बाबांचा. लांबून बघणारा म्हणाला असता, हो, हेच. पण मी बाईच्या तोंडाकडे पाहिलं. ती ब्रश पुसत होती आणि तिचा चेहरा पडला होता. "काम चांगलं झालं," ती म्हणाली. मला आठवलं, हे वाक्य तिनं आधी कुठल्या चित्राबद्दल वापरलं होतं. तिनं ते चित्र आईला दाखवूच दिलं नाही. वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं, भावानं सुधारित गोऱ्या माणसाची फ्रेम तयार ठेवली होती, आणि मी हतबल होऊन जिन्यात बसले.

दुसऱ्या दिवशी बाई सकाळीच खाली आली. आई चुलीशी भाकऱ्या थापत होती. बाईनं आतापर्यंत आईला बाबांबद्दल खूप विचारलं होतं आणि आईची सगळी उत्तरं निरुपयोगी होती. कसे दिसायचे? "मान्सासारका मानूस." डोळे कसे होते? "दोन व्हते." आज तिनं वेगळंच विचारलं. तिनं मला सांगितलं, आईला विचार, तू त्यांच्याकडे बघायचीस तेव्हा तू कुठं असायचीस?

मी विचारलं. आई हातातली भाकरी तशीच धरून थांबली.

"कटं म्हंजे? हितंच. ते पाटावर बसाचे, मी उभी. वाडाची." मग जरा हसून म्हणाली, "सकाल-संध्याकाल तवाच तं एकमेकाकडं बगाचो. बाकी दिवसभर त्ये त्यांच्या कामाला, मी माज्या."

मी सांगितलं. बाई एकदम उभी राहिली. भावाला हाक मारून खाली पाटावर बसवलं, त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि स्वतः आईच्या जागी उभी राहिली, हातात भाताचा डाव धरून. भावानं सवयीनं वर पाहिलं, भात येतोय का म्हणून. बाई तिथंच कागद घेऊन बसली. पाच मिनिटांत भावाचं जेवण थंड झालं, आणि पहिल्यांदाच तो तक्रार न करता बसून राहिला.

नवीन चित्र तिनं दार लावून काढलं. कुणाला बसवलं नाही, ताटाशिवाय कुणाला वर येऊ दिलं नाही. श्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी ते खाली आणून भिंतीला टेकवून ठेवलं. भाऊ, आत्या आणि मी पुढं झालो. चित्र वरून पाहिलेलं होतं. पाटावर बसलेला काळा माणूस, विरळ झालेला डोक्याचा मध्य सरळ आपल्यासमोर, मोठे कान, बनियन एका खांद्यावरून घसरलेला, एक हात ताटात, आणि मान वर करून बघणारे डोळे. थोडे भुकेले, थोडे अपराधी, काहीतरी सांगू की नको अशा विचारात असलेले. बाईनं हे डोळे कुठून आणले, मला अजून कळलेलं नाही. मला वाटतं, जिन्यातल्या नळाखालून बाबांनी कधीतरी तिच्याकडे वर बघितलं असेल.

"टक्कल कशाला दाकवलं?" भाऊ म्हणाला आणि त्यानं स्वतःचा कान चाचपला. आत्यानं पदर तोंडाला लावला.

आई हात पुसत बाहेर आली. आमच्यातून वाट काढून ती चित्रासमोर गेली आणि उभी राहिली, बरोबर तेवढ्या अंतरावर, वाढताना उभी राहते तशी. मग तिची मान ताठ झाली आणि कमरेवर हात गेले.

"सांगाला काय झायला व्हता?" ती चित्राला म्हणाली. "छातीन दुकतंय म्हून सांगाला तोंड नव्हता? ग्यास झायला म्हने. सोडा पितो म्हने. मी हितंच उभी व्हती ना? मना भात वाड म्हनालात आनि त्यो पन अर्दा टाकलात. तवाच मी समजाला पायजे व्हता. पन तुमीच बोलला नायत. सगल्या गल्लीचे नल बगाला टाइम, आनि सोताचा..."

तिचा आवाज चढत गेला. वर्षभरात मी तिला एकदाही या सुरात ऐकलं नव्हतं. हा तिचा बाबांशी बोलायचा सूर, रोजचा, जेवणाच्या वेळचा, शेजारच्या खिडक्यांपर्यंत जाणारा. त्या गोऱ्या माणसाशी ती कधी भांडलीसुद्धा नव्हती, आणि आता ती रडत होती आणि भांडत होती, दोन्ही एकदम. भाऊ पुढं होऊन तिला धरायला गेला, मी त्याचा हात ओढला.

फ्रेंच बाई दाराशी उभी होती. तिला आईचा एकही शब्द कळत नव्हता, फक्त सूर कळत होता. ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "तिला आवडलं नाही. ते डोळे. मी बदलते, मला एक दिवस दे." आणि खरंच चित्र उचलायला पुढं झाली.

आईनं तिच्याकडे न बघता हात आडवा केला.

"तिला सांग," आई मला म्हणाली, "हात लावू नको म्हनावं. माजा बोलना झायला नाय अजून."